टाचेच्या हाडाचे फ्रॅक्चर: लहान छेदाची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे महिने

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ५२ वर्षांचे आपले वडील गवंडीकाम करताना परांचीवरून साधारण दहा फूट खाली, थेट पायांवर पडले आणि त्यांच्या उजव्या टाचेचे हाड मोडले. आज चौथा दिवस आहे, पाय खूप सुजला आहे आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूला फोड आले आहेत. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘सँडर्स टाइप २ बी, बोहलर अँगल ५ अंश’ असे लिहिले आहे. एका सर्जननी आठवडाभर थांबून लहान छेदातून शस्त्रक्रिया करण्याचा सल्ला दिला, दुसऱ्यांनी प्लास्टरवर भागेल असे सांगितले, आणि ऑपरेशन करायचेच असेल तर आजच का करत नाहीत, असे घरातल्या मंडळींना वाटते आहे. वडिलांना मधुमेह नाही, परंतु तंबाखूची सवय जुनी आहे. त्यांना पुन्हा परांचीवर चढता येईल का, हेही आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

आपण दिलेल्या माहितीवरून पाहता, थांबून लहान छेदाची शस्त्रक्रिया करणे हा सल्ला मला योग्य वाटतो, मात्र तंबाखू आजपासून पूर्ण बंद झाली तरच. अंतिम निर्णय अर्थातच प्रत्यक्ष पाय आणि स्कॅन पाहणाऱ्या सर्जनचा राहील.

टाचेचे हाड, म्हणजे कॅल्केनियस, बाहेरून पातळ कवचाचे आणि आतून सच्छिद्र असते. त्याच्यावर घोट्यातील टॅलस हे हाड बसते आणि या दोघांच्या मध्ये सबटेलर सांधा असतो. माणूस उंचावरून टाचेवर पडतो तेव्हा शरीराचा सगळा भार टॅलसमधून खाली येतो, टॅलस पाचरीप्रमाणे टाचेच्या हाडात घुसते आणि सांध्याचा मागचा पृष्ठभाग दुभंगून खाली दबतो. त्याच वेळी हाडाची उंची कमी होते, रुंदी वाढते आणि बाहेरची भिंत फुगून घोट्याच्या टोकाखालच्या स्नायूबंधांवर दाब आणते. बोहलर अँगल हा कोन साध्या एक्स-रेवर मोजतात. तो सामान्यतः २० ते ४० अंश असतो. वडिलांचा ५ अंश आहे, याचा अर्थ सांधा बराच दबला आहे. सँडर्स यांची वर्गवारी सीटी स्कॅनवर केली जाते. टाइप २ म्हणजे सांध्याच्या मागच्या पृष्ठभागाचे दोन तुकडे झाले आहेत आणि ते जागचे हलले आहेत. टाइप ३ मध्ये तीन तुकडे होतात, टाइप ४ मध्ये चार किंवा त्याहून अधिक. तुकडे जितके कमी, तितका सांधा नीट जुळवता येण्याची शक्यता जास्त, त्यामुळे वाईट बातमीतील ही त्यातल्या त्यात बरी बाजू आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट आवर्जून विचारतो: पाठीच्या मणक्यांचा एक्स-रे काढला आहे का? उंचावरून टाचेवर पडलेल्या साधारण दहापैकी एका रुग्णाला कमरेच्या मणक्याचेही फ्रॅक्चर असते, आणि टाचेच्या वेदनेपुढे पाठीचे दुखणे रुग्ण पहिले काही दिवस सांगतच नाही. डावी टाच, गुडघे आणि खुबेही एकदा दाबून, हलवून तपासून घ्यावेत.

आता प्लास्टर की शस्त्रक्रिया, हा खरा वादाचा मुद्दा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत निराधार आहे असे कृपया समजू नका. ब्रिटनमधील २२ रुग्णालयांत १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोन वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले रुग्ण यांच्या वेदनेत व कार्यक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही, उलट शस्त्रक्रियेच्या गटात गुंतागुंतीचे प्रमाण २३ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ४ टक्के. मात्र त्या शस्त्रक्रिया जुन्या, मोठ्या छेदातून केलेल्या होत्या, आणि ज्यांच्या टाचेचा आकार फारच बिघडला होता अशा रुग्णांना चाचणीत घेतलेच नव्हते. कॅनडात झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतही सरसकट सगळ्या रुग्णांचा विचार केला तर फरक दिसला नाही, पण ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली नव्हती त्यांच्यापैकी कितीतरी अधिक जणांना पुढे दुखरा सबटेलर सांधा कायमचा जोडून टाकण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. त्यामुळे सांधा न हललेल्या फ्रॅक्चरला, पायाचा रक्तपुरवठा खराब असलेल्या रुग्णाला, नियंत्रणाबाहेरचा मधुमेह असलेल्याला किंवा मुळात फारसे न चालणाऱ्या वृद्धाला मी स्वतः शस्त्रक्रिया सुचवत नाही. वडिलांच्या बाबतीत सांधा दबलेला आहे, तुकडे दोनच आहेत, वय काम करण्याचे आहे आणि मधुमेह नाही, म्हणून माझा कल शस्त्रक्रियेकडे झुकतो. शिवाय एक कारण असे की, सांधा पुढे झिजला आणि जोडावा लागलाच, तरी टाचेची उंची व रुंदी आधी पूर्ववत केलेली असेल तर ती दुसरी शस्त्रक्रिया सोपी होते आणि तिचा परिणामही चांगला मिळतो.

प्लास्टरचा पर्याय निवडलाच, तरी दोन-तीन महिने पाय आवळून ठेवणे हा त्याचा अर्थ आता राहिलेला नाही. सूज उतरताच घोट्याची हालचाल सुरू करायची आणि वजन मात्र टाकायचे नाही, ही आजची पद्धत आहे. हाडवैद्याकडे नेऊन ओढून बसवण्याचा किंवा बांबूच्या पट्ट्यांनी घट्ट बांधण्याचा विचार कोणी सुचवत असेल तर तो कृपया मनातून काढून टाका. सुजलेल्या, फोड आलेल्या पायावर घट्ट बांधणी झाली तर कातडी मरते आणि मग शस्त्रक्रियेची वाटच बंद होते.

जुन्या पद्धतीत टाचेच्या बाहेरच्या बाजूला इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा मोठा छेद घेऊन कातडीचा जाड पडदा वर उचलत असत. हाड पूर्ण दिसायचे, परंतु त्या पडद्याचा कोपरा एका लहानशा धमनीवर जगतो आणि तिथेच जखम काळी पडणे, उघडी राहणे, पू होणे असे प्रकार घडत. टाचेवर मांसाचे आच्छादन जवळजवळ नाही, त्यामुळे तिथली जखम चिघळली की जंतुसंसर्ग थेट हाडापर्यंत जातो. लहान छेदाची पद्धत मुख्यतः हा धोका कमी करण्यासाठी आली. हे नीट समजून घ्यावे, कारण लहान छेद म्हणजे लवकर चालता येणे असा समज घेऊन अनेक नातेवाईक येतात. हाड भरून येण्याचा वेळ छेदाच्या लांबीवर अवलंबून नसतो. लहान छेदाने वाचते ती कातडी, आणि टाचेच्या बाबतीत कातडी वाचणे ही फार मोठी गोष्ट आहे.

शस्त्रक्रिया बहुधा कमरेतून भूल देऊन, रुग्णाला कुशीवर झोपवून केली जाते. बाहेरच्या घोट्याच्या टोकाखालून चौथ्या बोटाच्या दिशेने साधारण तीन ते पाच सेंटिमीटरचा छेद घेतात. तिथून जाणारे पेरोनियल स्नायूबंध आणि सूरल मज्जातंतू जपून बाजूला ठेवले की सबटेलर सांधा समोर दिसतो. दरम्यान टाचेच्या मागच्या भागात एक जाड पिन बसवलेली असते. सहायक ती पिन धरून टाच खाली आणि आतल्या बाजूला ओढतो, तेव्हा चेपलेल्या हाडाची उंची परत मिळते आणि दबलेल्या तुकड्याला वर येण्यासाठी जागा होते. आतले साकळलेले रक्त धुऊन काढायचे, चपट्या हत्याराने तो तुकडा खालून अलगद उचलायचा आणि सांध्याची कडा दुसऱ्या तुकड्याच्या पातळीशी मिळाली की बारीक वायरींनी तात्पुरता धरायचा. या क्षणी घाई चालत नाही. सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना वापरायच्या एक्स-रे यंत्रावर, वेगवेगळ्या कोनांतून पाहायचे, छेदातून प्रत्यक्ष पाहायचे, आणि एखाद-दोन मिलिमीटरची पायरी दिसली तरी पुन्हा वायर काढून तुकडा नव्याने बसवायचा. समाधान झाल्यावर बाहेरून आतल्या बाजूच्या मजबूत हाडाकडे स्क्रू घेतात, गरज असल्यास बारीक प्लेट त्याच छेदातून सरकवतात आणि टाचेच्या मागून लांब स्क्रू घालून हाडाची लांबी-उंची टिकवतात. दबलेला तुकडा उचलल्यावर आत पोकळी राहते. त्यात कमरेच्या हाडाचा भुगा भरावा लागतोच असे नाही, बहुतेकदा ती आपोआप भरून येते.

काही फ्रॅक्चरमध्ये सांध्याचा तुकडा टाचेच्या मागच्या भागाला सलग जोडलेला असतो. अशा वेळी छेदही न घेता, मागून घातलेल्या पिनच्या आधारे संपूर्ण तुकडा उचलून त्वचेतूनच स्क्रू घालता येतात. ब्रिटिश सर्जन एसेक्स-लोप्रेस्टी यांच्या १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या लेखातील वर्णनावर ही पद्धत आधारलेली आहे. याच प्रकारात मागचा तुकडा वर सरकून टाचेमागची कातडी आतून ताणत असेल, ती पांढरी किंवा निळसर पडत असेल, तर मात्र थांबायचे नसते. काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते. हाड कातडीबाहेर आले असेल तरीही तसेच. वडिलांच्या टाचेमागची कातडी आपण आजच्या ड्रेसिंगच्या वेळी डॉक्टरांना मुद्दाम दाखवावी.

तसे काही नसेल तर थांबणे हाच उपचार आहे. सुजलेल्या कातडीवर घेतलेला छेद, लहान असला तरी, मिटत नाही. सर्जन पायाचा पंजा वर उचलून टाचेच्या बाहेरच्या बाजूच्या कातडीवर बारीक सुरकुत्या पडतात का ते पाहतात. सुरकुत्या दिसल्या की कातडी तयार आहे असे समजावे. लहान छेदाच्या पद्धतीत मोठ्या छेदाइतके थांबावे लागत नाही, परंतु तेवढ्यापुरतीच मुभा आहे. दुसरीकडे फार उशीरही परवडत नाही. दोन आठवड्यांनंतर तुकडे एकमेकांना चिकटू लागतात आणि तीन आठवड्यांनंतर ते लहान छेदातून सोडवणे अवघड होऊन बसते. म्हणून आजपासून साधारण दहाव्या दिवसापर्यंत शस्त्रक्रिया व्हावी अशा बेताने तारीख घेऊन ठेवावी.

या दिवसांत घरी काय करायचे ते महत्त्वाचे आहे. पाय छातीपेक्षा किंचित उंच राहील असा उशांवर ठेवावा, परंतु उशा पोटरीखाली असाव्यात आणि टाच अधांतरी राहावी, नाहीतर टाचेच्या मागे दाबाने जखम होते. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा ठेवावा, फोडांवर मात्र थेट दाबू नये. फोड फोडू नयेत; पाण्याचे फोड वरवरचे असतात, रक्ताचे फोड खोलवरची इजा दाखवतात आणि सर्जन तिथून छेद घेणे टाळतात. बोटे दर तासाला हलवावीत. उंचावर ठेवूनही पाय फुगून दगडासारखा टणक झाला, गोळ्यांनी न थांबणारी वेदना सुरू झाली किंवा बोटे नुसती सरळ केली तरी वडील ओरडू लागले, तर पायाच्या आत दाब वाढल्याची ती लक्षणे असू शकतात. त्या वेळी रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

आणि तंबाखू. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच जखमेचा धोका असतो असे नाही. चघळलेल्या तंबाखूतील निकोटीनही रक्तात जाऊन कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि मशेरी व गुटखाही याला अपवाद नाहीत. शस्त्रक्रियेपर्यंत दम धरतील आणि नंतर सुरू करतील असे होता कामा नये, कारण जखम भरण्याचे खरे दिवस त्यानंतरचेच असतात. घरात पुडी ठेवूच नका, भेटायला येणाऱ्या मित्रमंडळींनाही सांगून ठेवा. तलफ सहन होत नसेल तर डॉक्टरांशी उघडपणे बोला, लपवून खाण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. पायाला स्लॅब, म्हणजे एका बाजूने बांधलेले अर्धे प्लास्टर, असतो. शिरेत गुठळी होऊ नये यासाठी काही रुग्णांना रक्त पातळ करणारी औषधे दिली जातात. ती कोणाला द्यायची हे सर्जन ठरवतात, पण दिली असतील तर मध्येच थांबवू नयेत. टाके दोन ते तीन आठवड्यांनी, जखम पूर्ण कोरडी असल्याची खात्री करून काढतात. टाचेच्या टाक्यांना हातापायांच्या इतर टाक्यांपेक्षा जास्त वेळ द्यावा, असे माझे मत आहे. जखमेच्या कडेला थोडी ओल दिसली तर घरगुती मलम न लावता दाखवायला यावे.

जखम ठीक दिसली की हालचाल सुरू होते, आणि येथेच बरेच रुग्ण मागे पडतात. घोटा वर-खाली करणे सगळ्यांना जमते, परंतु मोडलेला सांधा हा पाऊल आत-बाहेर वळवणारा आहे आणि तो हलवला नाही तर आखडून बसतो. पलंगाच्या कडेला बसून, गुडघा स्थिर ठेवून, अंगठ्याने हवेत सावकाश बाराखडी काढण्याचा व्यायाम मी सांगतो. त्यात पाऊल सगळ्या दिशांना फिरते आणि रुग्णाला कंटाळाही येत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा, दुखणे सहन होईल इतपत करावा. मांडी आणि खुब्याचे व्यायामही चालू ठेवावेत, अन्यथा दोन महिन्यांत मांडी निम्मी वाटू लागते.

वजन मात्र सहा ते आठ आठवडे अजिबात टाकायचे नाही. फ्रॅक्चर गुंतागुंतीचे असेल तर हा काळ दहा-बारा आठवड्यांपर्यंत वाढतो. ‘नुसते बाथरूमपर्यंत टाच टेकवून गेलो’ हे वाक्य आम्ही बरेचदा ऐकतो आणि त्यानंतरच्या एक्स-रेत सांधा पुन्हा खचलेला दिसू शकतो. वॉकर किंवा कुबड्या शस्त्रक्रियेच्या आधीच आणून, चांगल्या पायावर उभे राहण्याचा सराव करून घ्यावा. घरात खाली बसण्याचा संडास असेल तर खुर्चीसारखा कमोड भाड्याने मिळतो, तो आणावा. ओल्या मोरीतील घसरगुंडी हा या काळातला सर्वांत मोठा धोका आहे.

सहाव्या ते आठव्या आठवड्यात एक्स-रे पाहून सर्जनने परवानगी दिली की थोडे थोडे वजन द्यायचे. वजनकाटा जमिनीवर ठेवून त्यावर दुखरा पाय टेकवून पाहावा. काटा पंधरा-वीस किलोवर येतो तेव्हा पायाला किती दाब जाणवतो हे लक्षात ठेवून चालताना तेवढाच द्यावा आणि दर आठवड्याला वाढवावा. बहुतेक रुग्ण तीन महिन्यांच्या सुमारास पूर्ण वजनावर चालू लागतात. टाचेला मऊ गादी असलेले, थोडे रुंद बूट घ्यावेत. सपाट चप्पल किंवा अनवाणी चालणे या काळात टाळावे. गाडी चालवण्याविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो: उजवा पाय असल्याने ब्रेक जोरात आणि वेदनेविना दाबता येईपर्यंत मोटारसायकलला हात लावू नये, आणि हे तीन महिन्यांच्या आत सहसा होत नाही.

संध्याकाळी येणारी सूज सहा महिने, कधी वर्षभर राहते. त्याने घाबरून जाऊ नये. सुधारणा दीड-दोन वर्षांपर्यंत चालू राहते. तरीही पाय पूर्वीसारखा शंभर टक्के होईल असे आश्वासन मी देणार नाही, आणि कोणी दिले तर त्यावर विसंबू नये. सपाट रस्त्यावर चालताना फारसे न जाणवणारा ताठरपणा नांगरलेल्या शेतात, खडीवर किंवा उतारावर जाणवतो, कारण खडबडीत जमिनीवर तोल सांभाळण्याचे काम हाच सांधा करतो. उकिडवे बसणे चार-पाच महिन्यांत बऱ्याच जणांना जमू लागते, काहींना टाच उचलूनच बसावे लागते. पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा राहू शकतो. स्क्रू किंवा प्लेट बुटाला टोचू लागली तर वर्षभरानंतर काढता येते, त्रास नसेल तर काढण्याचे कारण नाही. वर्षभराने चालताना घोट्याखाली खोलवर दुखणे कायम राहिले तर सीटी स्कॅन करून सांध्याची झीज पाहावी लागते. औषधे, बुटातील बदल आणि सांध्यातील इंजेक्शन यांनी भागले नाही तर सांधा जोडण्याचा विचार येतो. सांधा जोडला तरी पावलाची वर-खाली हालचाल बरीचशी टिकून राहते.

परांचीबद्दल मी स्पष्ट लिहितो. बसून करण्याचे काम दोन-तीन महिन्यांत सुरू करता येते, जमिनीवर उभे राहून करायचे काम चार-सहा महिन्यांत. शिडी आणि परांची सहा ते नऊ महिन्यांच्या आत नाही, आणि सांधा आखडलेला राहिला तर कदाचित कधीच नाही, कारण अरुंद फळीवर पावलाचा तोल हवा असतो आणि तिथे तो चुकला तर दुसरी टाचही जाते. अनुभवी गवंड्याला फरशीकाम, जमिनीवरून होणारे प्लास्टर, माप-आखणी किंवा नव्या माणसांवर देखरेख अशी कामे मिळू शकतात. त्याविषयी ठेकेदाराशी बोलणे आत्ताच सुरू करावे, वडील घरी बसून खचण्याची वाट पाहू नये.

अपघात कामावर झाला असल्याने खर्चाचा सगळा भार घरावर घेण्याआधी दोन-तीन ठिकाणी चौकशी करा. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखाली मालकाची जबाबदारी ठरू शकते. वडिलांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असेल तर मंडळाच्या वैद्यकीय साहाय्याविषयी विचारा, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का ते योजनेशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वी समजून घ्या. अपघाताची तारीख, जागा आणि पडल्याची उंची पहिल्या केसपेपरवर लिहिलेली आहे ना, हे आज पाहा. नसेल तर डॉक्टरांना सांगून आत्ताच लिहून घ्या, कारण महिन्यांनंतर तीच नोंद मागितली जाते.